फवारणीची विषबाधा : पंप उचलण्याआधी आणि त्रास झाल्यावर

कपाशी कमरेच्या वर गेली की अकोला-अमरावतीच्या गावांत फवारणीचा हंगाम सुरू होतो. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथले बरेच बौद्ध तरुण भूमिहीन आहेत. दुसऱ्याच्या शेतात ते पाठीवर पंप घेऊन फवारतात आणि मजुरी पंपाप्रमाणे मिळते. जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, त्यामुळे भर उन्हातही कोणी थांबत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतही मृत्यू झाले. चौकशीसाठी अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमले गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. अळीमुळे फवारण्या वाढल्या, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली गेली, आणि बॅटरीच्या पंपाचा बारीक तुषार थेट तोंडावर येत होता. तरी मजुरांनी मास्क घातला नाही, असाच सूर अनेकांनी लावला. आम्हाला तो पटत नाही. संरक्षक साहित्य मजुराने कुठून आणायचे? कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये औषध हाताळणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे असले पाहिजेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ते मागायला लाजू नये.

सगळा संच घालून भादव्याच्या उकाड्यात काम करणे कठीण आहे, हे आम्हालाही कळते. म्हणून निदान एवढे तरी करावे. विष फक्त नाकातोंडातून जात नाही, कातडीतूनही जाते. जांघेतून, काखेतून आणि कपाळावरून तर फार लवकर. गळका पंप पाठीवर घेऊच नये. पाठीला प्लास्टिकचा कागद बांधावा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. औषध पाण्यात मिसळण्याची वेळ सर्वांत धोक्याची, कारण तेव्हा ते घट्ट असते. त्या वेळी रबरी हातमोजे हवेतच आणि ढवळायला काठी घ्यावी. फवारणी सकाळी लवकर करावी आणि वारा तोंडावर येणार नाही अशा बाजूने चालावे. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाने ओला झाला तर तो लगेच बदलावा, कारण ओला रुमाल विष नाकाशी धरून ठेवतो. नोझल अडकले तर तोंडाने फुंकू नये. आणि खर्रा! औषधाच्या हाताने खर्रा घोटून तोंडात टाकणारे आम्ही दर हंगामात पाहतो.

घरी येताच साबणाने आंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. धुणारी बहुधा बायकोच असते, तिने हातमोजे घालावेत. फवारलेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी निंदणाला बायांना पाठवणारे मालक आहेत. अशा वेळी बायांनी एकत्र मिळून नकार द्यावा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल कधीही भरू नये.

डोके दुखणे, मळमळ, तोंडाला लाळ सुटणे, खूप घाम, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात कळा, अंग फडफडणे यांपैकी काहीही झाले तर पंप तिथेच उतरवावा. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झाडाखाली निजवून ठेवण्यात जीव जातात. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, डोळे पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. उलटी करवू नये. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नये. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवावे आणि १०८ ला फोन करावा. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, गाठावे.

सोबत औषधाचा डबा न्यावा, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधावर ॲट्रोपिन चालते. डायफेन्थियुरॉनवर असा ठरलेला उतारा नाही, तिथे लक्षणे पाहून उपचार होतात. म्हणजे नाव कळले नाही तर डॉक्टरचाही वेळ जातो. दर्यापूरकडच्या एका गावात आम्ही फवारणाऱ्या मजुराला औषधाचे नाव विचारले. तो म्हणाला, “मालकानं बादलीतच कालवून देल्लं, डबा पायलाच नाही.” पंप भरण्याआधी डबा पाहावा, मोबाइलवर लेबलचा फोटो काढावा. त्यावरच्या चौकोनाचा रंगही पाहावा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

रुग्णालयात पोलीस जबाब घेतात. घाबरून गप्प बसले की ‘विष प्राशन’ एवढीच नोंद होते आणि ती आत्महत्येकडे झुकते. शुद्धीत असेल तर रुग्णाने, नसेल तर सोबतच्याने ‘अमक्याच्या शेतात फवारताना बाधा झाली’ असे स्पष्ट लिहून घ्यायला लावावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये आहेत, पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी. घरात कुणाच्याच नावावर सातबारा नसलेला मजूर त्यात बसत नाही. त्याने निदान बँकेत वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून ठेवावा. तिथेही अपघाती मृत्यूला २ लाख आहेत, आणि तिथेही मृत्यू अपघातीच होता हे त्या पोलीस नोंदीवरूनच पाहिले जाते.