रोगाची वार्ता आणि स्त्री

एचआयव्हीची बाधा जोडीदारास कळवावी कीं नाहीं, हा प्रश्न बोलावयास सोपा, सोसावयास कठीण. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें जो खटला आला, त्यांत बाधित होता वर. नियोजित वधूचा जीव वांचतो म्हणून रोग्याचें गुपित उघड होणें गैर नव्हे, असें ठरलें. परंतु गरोदरपणीं रक्त तपासलें जातें तें स्त्रीचें. घरांत ही वार्ता पुष्कळदां आधीं तिलाच कळते, आणि रोग पतीकडून आला असला तरी कलंक तिच्याच माथीं! २०१७ सालीं संमत होऊन १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानें ही अडचण ओळखली. जोडीदारास सांगण्याची मुभा केवळ डॉक्टर व समुपदेशक यांस, तीही रोग्यास आधीं समजावून व सूचना देऊनच. आणि मारहाण किंवा त्याग यांचें रास्त भय असल्यास, विशेषतः स्त्रीच्या बाबतींत, त्यांनींही सांगूं नये.