डूब्ना आणि फर्मियमोत्तर मूलद्रव्यांचा वाद

फर्मियमच्या (अणुक्रमांक १००) पुढील मूलद्रव्ये निसर्गात आढळत नाहीत. जड अणुकेंद्रांवर हलक्या अणुकेंद्रांचा भडिमार करून ती निर्माण करावी लागतात. मॉस्कोच्या उत्तरेस सु. १२५ किमी.वर व्होल्गा नदीकाठी असलेल्या डूब्ना येथील संयुक्त अणुकेंद्रीय संशोधन संस्था (स्थापना १९५६) हे या संशोधनाचे एक प्रमुख केंद्र होय. युरेनियमच्या स्वयंस्फूर्त भंजनाचा पित्रझाक यांच्यासह शोध (१९४०) लावणारे ग्यॉर्गी फ्ल्यॉरॉव्ह (१९१३–९०) हे तेथील अणुकेंद्रीय विक्रिया प्रयोगशाळेचे संस्थापक होत.

प्लुटोनियमवर निऑनाचा मारा करून १०४ वे मूलद्रव्य मिळाल्याचे या प्रयोगशाळेने १९६४ मध्ये जाहीर केले व त्यास ‘कुर्चाटोव्हियम’ हे नाव सुचविले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील घिओर्सो प्रभृतींना हा दावा मान्य नव्हता. त्यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियम व कार्बन यांपासून तेच मूलद्रव्य मिळवून ‘रदरफोर्डियम’ हे नाव पुढे केले. वादाचे मूळ केवळ शीतयुद्धातील ईर्ष्येत नव्हते. डूब्नातील पुरावा मुख्यत्वे भंजनाचा होता; भंजनात अणुकेंद्राचे दोन तुकडे होतात आणि मूळ अणू कोणता, हे त्यांवरून निश्चित सांगता येत नाही. उलट आल्फा कण बाहेर पडल्यास मागे ज्ञात अणुकेंद्र उरते व त्यावरून जनकाची ओळख पटते. बर्कलीचा भर या पद्धतीवर होता. मोजके अणू, तेही क्षणभर टिकणारे, मिळाले असता ‘शोध’ कशास म्हणावे, हा खरा प्रश्न होता. त्यास सर्वमान्य उत्तर नसल्याने एकाच मूलद्रव्याची दोन नावे दीर्घकाळ प्रचारात राहिली.

दोन आंतरराष्ट्रीय संघांनी नेमलेल्या तज्ञ गटाने १०४ व १०५ या मूलद्रव्यांचे श्रेय उभय पक्षांना विभागून दिले (१९९३). १९९४ च्या नामसूचीत ‘डूब्नियम’ हे नाव १०४ व्या मूलद्रव्यास सुचविण्यात आले होते. अमेरिकनांच्या आक्षेपानंतर १९९७ मध्ये ते १०५ व्यास मिळाले व १०४ वे रदरफोर्डियम ठरले. कुर्चाटोव्हियम हे नाव मात्र कायमचे बाद झाले.

पुढे यूरी ओगानेस्यान यांच्या नेतृत्वाखाली कॅल्शियमाच्या ४८ द्रव्यमानांकाच्या दुर्मिळ समस्थानिकाचा उपयोग करून ११४ ते ११८ या मूलद्रव्यांवर काम झाले. त्यात अमेरिकन प्रयोगशाळा सहभागी होत्या. ११७ व्या मूलद्रव्यासाठी लागणारे बर्केलियम ओक रिज येथून डूब्नाला पाठविण्यात आले.