टोळ (यहुदी आहारातील)
‘कश्रुत’ या यहुदी आहारनियमांनुसार कीटक निषिद्ध असले, तरी बायबलच्या लेवीय या ग्रंथातील 11व्या अध्यायात उडी मारण्याजोग्या लांब तंगड्या असलेल्या टोळांचे चार प्रकार खाद्य ठरविले आहेत. त्यांची हिब्रू नावे नेमकी कोणत्या कीटकांची, हे पिढीजात ओळखीवाचून सांगता येत नसल्याने युरोपातील अश्केनाझी यहुद्यांनी टोळ वर्ज्यच मानला. येमेनी यहुद्यांनी मात्र ही ओळख टिकविली आणि पिकांचा फडशा पाडणारा वाळवंटी टोळ ते भाजून, डोके, पंख व पाय खुडून खात. पीक खाणाऱ्यालाच खाण्याची ही सोय टंचाईत मोलाचीच म्हणावी लागेल. माशाप्रमाणेच टोळालाही ‘शेहिता’, म्हणजे विधिपूर्वक गळा कापणे, आवश्यक नसते. 2013 मध्ये ईजिप्तकडून इस्राएलमध्ये टोळधाड शिरली, तेव्हा त्यांच्या ग्राह्याग्राह्यतेचा वाद पुन्हा निघाला.