मेल उघडताना येणारी ती वॉर्निंग

मेल उघडताना ‘या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवता येत नाही’ अशी पाटी आली की आपण काय करतो? वैतागून ‘पुढे जा’ दाबतो. २०११ च्या ऑगस्टअखेरीस इराणमधल्या एका जीमेल वापरणाऱ्याने तसं केलं नाही. क्रोमने इशारा दिल्यावर त्याने व्हीपीएन लावून पाहिलं, तर इशारा गायब! म्हणजे गडबड वाटेत होती. त्याने गूगलकडे जाहीर विचारणा केली: माझी इंटरनेट कंपनी किंवा सरकार मधे बसलंय का?

कुणीतरी बसलं होतं, हे खरंच निघालं.

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. त्यावर शिक्का मारणाऱ्या संस्थांची यादी आपल्या फोनमध्ये आधीच भरलेली असते (ती करताना तुम्हा-आम्हाला कुणी विचारलेलं नाही). त्या यादीतली एक होती नेदरलँड्सची डिजिनोटार. जुलैमध्ये तिच्या सिस्टीममध्ये घुसून कुणीतरी पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेटं काढली, त्यात गूगलच्या नावाचंही. शिक्का अस्सल, माणूस तोतया. कंपनीला घुसखोरी जुलैतच कळली होती, पण तिने ती जाहीर केली नाही. तपासात इराणमधले सुमारे तीन लाख आयपी पत्ते या जाळ्यात सापडले. शिक्का यादीतलाच, त्यामुळे बहुतेक ब्राउझरना काही खटकलंच नाही. क्रोममध्ये मात्र गूगलने स्वतःच्या साइटसाठी कुणाचे शिक्के चालतील ते वेगळं लिहून ठेवलं होतं. डच सरकारची कामंही याच कंपनीच्या शिक्क्यावर चालत. सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारने कारभार हाती घेतला. त्याच महिन्यात कंपनीचं दिवाळं निघालं.

तिकडचं झालं म्हणून सोडू नका. जुलै २०१४ मध्ये आपल्या सरकारच्या एनआयसीच्या शिक्क्याने गूगल आणि याहूच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. शिक्का विंडोजच्या यादीत होता. फायरफॉक्सच्या यादीत नव्हता, म्हणून ते वाचले. एनआयसीचे अधिकार दुसऱ्याच दिवशी रद्द झाले. चारच सर्टिफिकेटं चुकीची निघाली, असं सरकारी नियंत्रकाने कळवलं. गूगल म्हणालं, आम्हाला याहून जास्त माहीत आहेत. आणि क्रोमने भारत सरकारचा शिक्का gov.in सारख्या ठरावीक पत्त्यांपुरताच मानायचं ठरवलं. आपल्याकडे यावर किती चर्चा झाली, आठवतंय का कुणाला?

असो. तुमच्याकडे पाटी आली तर आधी फोनची तारीख-वेळ बघा. ती चुकली असेल तर चांगलं सर्टिफिकेटही मुदतबाह्य दिसतं. मग सर्टिफिकेट उघडून त्यावरचं नाव आणि सेटिंगमधलं मेल सर्व्हरचं नाव जुळतंय का बघा. कधी मेल तपासणारा अँटिव्हायरसच मधे आपलं सर्टिफिकेट घुसवतो. तेही नसेल तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा. तिथे पाटी आली नाही, तर त्या वायफायवर पासवर्ड टाकू नका. इराणमधल्या त्या माणसाने हेच केलं होतं, वाट बदलून पाहिली.