दस्तऐवजांची सुबोधता, मराठी

दस्तऐवजांची सुबोधता, मराठी : लेखी कागद ज्याच्यासाठी लिहिला, त्याला तो वाचता येणे व समजणे. लिपीची सुवाच्यता आणि भाषेची सुगमता ही तिची दोन अंगे होत. मराठी राज्यव्यवहारात या दोहोंचा विचार निरनिराळ्या काळी झाला.

मराठ्यांच्या दप्तरांत मोडी लिपी रूढ होती. पानभर शिरोरेघा आधी आखून, लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे एकमेकांस जोडून लिहीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे; शब्दांत अंतर वा विरामचिन्हे नसत. त्यामुळे कारकुनाचा हात जलद चाले. मात्र शब्द तोडण्याचे काम वाचणाऱ्याकडे येई. वर्षही पुष्कळदा अरबी संख्यावाचकांत लिहीत, उदा., ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११७५ (इ. स. १७७४-७५). ठराविक मायना व मजकुराचा ठरलेला क्रम यांमुळे सरावलेल्या वाचकाची अडचण कमी होई; इतरांस जाणकारावर विसंबावे लागे. याउलट पोथ्यांच्या देवनागरीस बाळबोध, म्हणजे बालकासही बोध होईल अशी, हे नाव मिळाले.

शिवकालातील राजव्यवहारकोशात फार्सी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. त्यामागे स्वराज्याच्या कारभाराची भाषा घडविण्याचा हेतू होता. परंतु रयतेच्या कानावर रुळलेले अनेक फार्सी शब्द त्यानंतरही टिकून राहिले.

एकोणिसाव्या शतकात मुद्रणामुळे बाळबोधीचा प्रसार झाला. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) देवनागरीत, तर कोश (१८१०) मोडीत छापला गेला. पुढे मुद्रणात देवनागरी स्थिरावली. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाई. नंतर तिचा वापर जवळजवळ थांबला.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) इंग्रजी संज्ञांना मराठी पर्याय देण्यासाठी पदनामकोश प्रसिद्ध झाला (१९६२). त्यातील संस्कृतप्रचुर शब्दांवर टीका झाली. तथापि जिल्हाधिकारी यासारखे शब्द वापराने रुळले. लिपी सर्वांस वाचता येऊ लागली, तरी मजकूर समजण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.

जुन्या कागदांची दुर्बोधता आजही हक्कांशी निगडित आहे. जमीन, वतन व जात यांच्या अनेक नोंदी मोडीत असल्याने २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला (२०१४), तरी जाणकार वाचकाची गरज संपलेली नाही. [⟶ मोडी लिपि].