गोव्यातील विलगीकरणाचा कायदा आणि त्याविरुद्धचा लढा

एड्सविषयक लोकचळवळीचा इतिहास बहुधा न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को या नगरांपासून आरंभिला जातो. भारतापुरते पाहू जाता, या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण गोव्यात म्हापसा येथे घडले. आणि त्यातील न्यायालयीन लढ्यास तोंड फोडले ते एका मातेने.

पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करीत असे. आपल्या रक्तात विषाणू आढळला आहे, हे त्यास कोणी कळविले नव्हते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्यास बोलावून नेले. रुग्णालयाच्या नोंदवहीत आपल्या नावाशी जोडलेला ‘एड्स’ हा शब्द दृष्टीस पडला, तेव्हा कोठे त्यास प्रकार उमगला. पुढे क्षयरोग्यांच्या एका जुन्या आरोग्यधामात पहाऱ्याखाली त्यास ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. गुन्हा कोणताच नव्हता.

या कृतीस आधार होता तो १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य अधिनियमातील कलम ५३ चा. रक्तचाचणीत ‘एड्स’ आढळलेल्या व्यक्तीस अलग ठेवण्याची त्यात तरतूद होती. वस्तुतः त्या चाचणीने दिसतो तो संसर्ग, रोग नव्हे. आणि या दोहोंत पुष्कळदा अनेक वर्षांचे अंतर असते. कायद्याने दोहोंस एकच नाव दिले. शब्दांच्या अशा ढिलाईची किंमत बहुधा शब्द योजणाऱ्यास मोजावी लागत नाही.

ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. मित्र व ग्रामस्थ पाठीशी उभे राहिले. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. स्पर्शाने वा श्वासाने न पसरणाऱ्या विषाणूसाठी माणसे कोंडल्यास लोक चाचणीच टाळतील, हा युक्तिवादाचा गाभा होय. अंतरिम आदेशाने डॉमिनिकची सुटका झाली. तथापि डिसेंबर १९८९ मधील निकालात न्यायालयाने तरतूद वैध ठरविली. व्यक्तीचा हक्क व सार्वजनिक हित यांत विरोध आल्यास हितास प्राधान्य, अशी त्याची भूमिका होती. म्हणजे खटला हरला. परंतु या वादाच्या ओघात कायद्यातील सक्ती गेली होती: ‘अलग ठेवावे’ याच्या जागी ‘अलग ठेवता येईल’ असा विकल्प आला. याच वर्षी संसदेत मांडलेले एड्स प्रतिबंधक विधेयकही पुढे विरोधामुळे मागे घेण्यात आले.

१९९२ मध्ये डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे निधन झाले. २०१७ च्या केंद्रीय एचआयव्ही व एड्स अधिनियमाने मात्र संसर्गित व्यक्तीचे विलगीकरण हाच भेदभावाचा एक प्रकार मानून त्यास मनाई केली. तो सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला.