टपालाचा ढीग आणि पायदान

खरे सांगतो, ‘बिनाका गीतमाले’तले पायदान कारकुनी वैतागातून जन्मले. १९५२ साली आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले. तिथे दर बुधवारी रात्री आठला सात गाणी वाजत. क्रम श्रोत्यांनी लावायचा, बक्षीस मिळवायचे. अमीन सायानींना आठवड्याला २५ रुपये आणि त्यातच पत्रे तपासणेही आले! पत्रे पोचली ६५,०००वर. (आमच्या बँकेत एवढ्यावर संप झाला असता.) शेवटी १९५४ साली स्पर्धा गेली, पायदाने आली. क्रम ठरे तबकड्यांची विक्री आणि श्रोतेसंघांचा कौल बघून. आमचे वडील मात्र स्वतःची पायदाने वहीत लिहीत आणि कार्यक्रम संपला की आईला म्हणत, ‘‘बघितलंस? सिलोनवाल्यांचा हिशेब पुन्हा चुकला!’’